एक यंत्र, दोन कारभारी

संगणकाची कळ दाबली जाते, त्या क्षणी त्याच्या ठायी ज्ञान असे फारसे नसते. त्यात कायमची नोंदलेली एक लहानशी आज्ञावली जागी होते, तबकडीच्या पहिल्या कप्प्यातील मजकूर वाचते, आणि तो मजकूर यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या मोठ्या प्रणालीला पाचारण करतो. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलावे, तशी ही क्रिया. म्हणूनच तिला ‘बूट’ हे नाव पडले. परंतु असे कारभारी एकाच यंत्रात दोन असले, तर हाक कोणाला मारावयाची? ते ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाचा इतिहास हा एका अर्थाने मालकीहक्काचाच इतिहास होय.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्यासाठी पीसी डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन प्रणाली सांगितल्या होत्या. निवड सोपी होती: हवी ती लवचीक तबकडी खाचेत सरकवावी आणि यंत्र सुरू करावे. १९८३ साली एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली आणि एकाच जागेत अनेकांचे संसार थाटण्याचा प्रसंग उद्भवला. तेव्हा ५१२ बाइटांच्या पहिल्या कप्प्यात जणू वाटणीपत्रच लिहिले गेले. वाटे चार, प्रत्येकाची नोंद १६ बाइटांची, आणि ज्याला हाक मारावयाची त्याच्यापुढे एक खूण.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. जुनी प्रणाली न सोडता नवी अनुभवू पाहणाऱ्यांसाठी ‘लिलो’ आणि पुढे ‘ग्रब’ हे द्वारपाल निर्माण झाले. यंत्र सुरू होताच ते धन्यालाच विचारीत, ‘आज कोणाला बोलवावे?’ मात्र मागाहून विंडोज बसविले, की पुष्कळदा पहिला कप्पा पुन्हा लिहिला जाई. लिनक्स घरात सुखरूप असे, पण त्याचे दार बुजलेले असे.

दार बुजल्याचे मोल काय, हे १९९८ मध्ये दिसले. जपानच्या हिताची कंपनीने एका संगणकात विंडोजबरोबर बीओएस ही प्रणालीही भरून दिली. परंतु सुरुवातीस निवड विचारणारा द्वारपाल मात्र दिला नाही. ग्राहकाच्या पेटीत दुसरा कारभारी होता, पण त्याला हाक मारण्याची वाट समोर नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळेच असे घडले, असा बी कंपनीचा आरोप होता. २००१ मध्ये तिची मालमत्ता पाम कंपनीकडे गेली. २००२ मध्ये तिने दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता तडजोड केली आणि बी कंपनीला २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. पैसा मिळाला, बाजारातील संधी मात्र परतली नाही.

पुढे वाटणीपत्र विस्तारले. नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ वाट्यांची सोय असते. २०१२ पासून, विंडोज ८ च्या काळात, दारावर स्वाक्षरी तपासणारा पहाराही सर्रास बसू लागला. चोराला अडविण्यासाठी पहारा हवाच. परंतु त्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हे घर विकत घेणाऱ्याने एकदा पाहून ठेवणे बरे.