रिकिबीची चारशे वर्षे

कान हा आम्हा मराठी माणसांच्या मोठ्या सलगीचा अवयव आहे. तान्ह्या मुलाचे कान आम्ही टोचतो, शाळेत ते पिळतो, आणि थोर झाल्यावर एकमेकांचे कान भरतो व फुंकतो. परंतु ही सारी सलगी दिसणाऱ्या कानाशी. त्याचे ज्ञान आपल्याकडे पुरातन आहे. फाटलेली पाळ जोडण्याचे १५ प्रकार सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत. पाळीपासून आत सुमारे अडीच सेंटिमीटरांची वाकडी वाट जाते व तिच्या टोकाशी कर्णपटल ताणलेले असते. त्या पडद्यापलीकडची खोली म्हणजे मध्यकर्ण. तिच्यात काय आहे हे उलगडण्यास मात्र सोळावे शतक उजाडावे लागले, आणि तेही इटलीत.

तोवर युरोपात गेलेनचा ग्रंथ हेच प्रमाण होते. गेलेनने बहुतांशी जनावरे फाडून शरीर जाणले होते. १५२१ साली बेरेंगारिओ दा कार्पी याने कानातील दोन सूक्ष्म हाडांचा उल्लेख केला. पुढे पादुआचा वेसालियस स्वतःच्या हाताने प्रेते फाडू लागला. पोथीपेक्षा डोळा खरा, हा त्याचा बाणा. १५४३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने त्या दोन हाडांना हातोडी व ऐरण यांची उपमा दिली. परंतु गेलेनच्या चुका काढणाऱ्या या पुरुषालाही तिसरे हाड दिसले नाही! हे हाड उंचीला तीनएक मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आणि आतल्या भिंतीच्या खाचेत दडलेले.

१५४६ मध्ये नेपल्स येथे गेलेनचा अस्थिविषयक ग्रंथ शिकवीत असता सिसिलीच्या इंग्रासिया या अध्यापकाला ते सापडले. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखे दिसते म्हणून त्याने त्याला रिकीबच म्हटले. त्याचा ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६०३ साली छापला गेला. मधल्या काळात श्रेयाला वारस पुष्कळ निघाले. कोलंबोने शोध आपला म्हटला. युस्टाकीनेही ते हाड आपल्याला स्वतंत्रपणे ठाऊक असल्याचे सांगितले. फालोप्पिओने मात्र वेगळे केले. लोक त्यालाच शोधक समजत होते. तो गप्प राहता तरी चालले असते. पण १५६१ च्या आपल्या पुस्तकात त्याने हा मान इंग्रासियाचा आहे असे लिहून ठेवले. छापील पुरावा नसलेल्या समकालीनाला त्याच्या हयातीत दिलेला हा न्याय आम्हांस शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

युस्टाकीवर अन्याय नको. मध्यकर्णापासून घशाच्या वरच्या भागात उतरणारी नळी त्याने १५६४ च्या ग्रंथात नीट वर्णिली. खंडाळ्याचा घाट चढताना कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते याच नळीमुळे. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब ती सारखा करते.

आता या तीन हाडांचे काम काय? विहिरीत बुडी मारली की काठावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, कारण हवेतला नाद पाण्यावर आपटून बहुतेक परत फिरतो. आपल्या अंतर्कर्णातही द्रवच आहे. हवेचा नाद त्यात उतरवायचा कसा? कर्णपटल रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठे असते. मोठ्या पडद्यावरचा जोर लहान तळव्यावर एकवटतो, हाडांची तरफ त्यात थोडी भर घालते, आणि दाब वीस-बावीस पट होतो. सारांश, कानामागून आली आणि तिखट झाली, अशी ही रिकीब. ती हलली नाही तर पुढचा कान धडधाकट असूनही माणूस बहिरा होतो.

हे केवळ तर्काने सुचलेले नाही. बोलोन्याच्या वाल्साल्व्हाने एका बहिऱ्या माणसाचे प्रेत तपासले, तेव्हा त्याची रिकीब भोवतालच्या हाडाशी जखडलेली आढळली. बाह्य, मध्य व अंतर असे कानाचे तीन भाग त्यानेच १७०४ च्या ग्रंथात पाडले आणि त्या नळीला युस्टाकीचे नाव दिले. रोग सापडला, उपाय नव्हता. पुढे १९५६ साली एक मोठे पाऊल पडले. अमेरिकेत मेम्फिसच्या जॉन शे यांनी एका स्त्रीची जखडलेली रिकीब काढली व तिच्या जागी टेफ्लॉनची बसविली. त्या बाईला पुन्हा ऐकू येऊ लागले. आज अशी शस्त्रक्रिया आपल्याकडेही होते.

नेपल्सच्या व्याख्यानापासून मेम्फिसच्या टेबलापर्यंत ४१० वर्षे गेली. कुणी पाहिले, कुणी दुसऱ्याचे पाहणे मान्य केले, कुणी बिघाड शोधला, कुणी दुरुस्ती केली. नळीला युस्टाकीचे नाव मिळाले. रिकिबीला कुणाचेच नाही. ती आपली रिकीबच राहिली. पण व्याख्यानाला आलेला प्रत्येक शब्द या बिननावाच्या हाडावरूनच आपल्यापर्यंत पोहोचतो, एवढे ध्यानी ठेवले तरी इंग्रासियाचे आणि फालोप्पिओचे ऋण थोडे फिटेल.