इन्व्हर्टरचे पूर्वज

ऑफिसात चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "सोलर लावतोय, सोबत बॅटरी पण घ्यावी का?" विचारणाऱ्याचा सूर असा, की जणू घरात वीज साठवणं हा टेस्लाने परवाच लावलेला शोध आहे. मंडळी, घरात विजेचा दिवा आला, जवळपास तेव्हापासूनच बॅटरीही आहे. मधे ती दोनदा येऊन गेली, आणि दर वेळी काहीतरी शिकवून गेली.

तर सुरुवातीपासून बघू. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली बनवली. १८८१ मधे कामिल फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर लेप द्यायची युक्ती काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. पुढच्याच वर्षी एडिसनने न्यूयॉर्कमधे पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं. पण तारा सगळीकडे पोचल्या नव्हत्या, त्यामुळे श्रीमंत लोक घरातच इंजिन आणि डायनामो बसवायचे. बँकर जे. पी. मॉर्गनच्या घरी असंच होतं. इंजिन सांभाळणारा माणूस रात्री अकराला घरी गेला, की दिवे बंद! (करोडपतीच्या घरचं लोडशेडिंग.) बॅटरीची गरज इथेच होती: इंजिन दिवसा चालवा, दिवे रात्री लावा. गंमत म्हणजे खुद्द एडिसनने १८८३ मधे बॅटरीचा धंदा म्हणजे लोकांना टोपी घालण्याचा प्रकार आहे असं म्हटलं होतं. नंतर त्यानेच आयुष्यातली दहाएक वर्षं निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर घालवली. असो.

सामान्य माणसाच्या घरात बॅटरी गेली ती अमेरिकेतल्या शेतांवर. मोटारगाडीचा सेल्फ-स्टार्टर बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगने १९१६ साली 'डेल्को-लाइट' नावाचा संच बाजारात आणला. रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन, आणि शेजारी फळीवर काचेच्या सोळा बरण्या. प्रत्येकीत दोन व्होल्टचा एक सेल, म्हणजे एकूण ३२ व्होल्ट. त्यावर दिवे, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं यंत्र असं सगळं चालायचं. दूरवरच्या शेतापर्यंत खांब टाकणं वीज कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दहातल्या एखाद्याच शेतावर तारेची वीज होती. मग १९३५ मधे सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची योजना काढली, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जं दिली, आणि वीसेक वर्षांत जवळजवळ सगळ्या शेतांवर तारा पोचल्या. बरण्या अडगळीत गेल्या. बॅटरी वाईट होती म्हणून नाही, तर सगळ्यांची मिळून एक तार आली म्हणून.

आता आपल्याकडे या. २००१ मधे दाभोळचा प्रकल्प बंद पडला, आणि २००५ नंतर तर महाराष्ट्रात विजेचा तुटवडा इतका वाढला की भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. मुंबई सुटली, बाकीच्यांनी इन्व्हर्टर घेतला. जिन्याखाली किंवा गॅलरीत ट्रॉलीवरची ती बॅटरी आठवते ना? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १.८ युनिट. तीन पंखे, दोन ट्यूबलाइट, चार-पाच तास. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घाला.

पण एक गोष्ट कोणी हिशोबात धरली नाही. अशा बॅटरीत वीज भरताना आणि काढताना मिळून पाव हिस्सा तरी वाया जातो. शिवाय वीज आली रे आली की घरोघरच्या बॅटऱ्या एकदम भरायला लागतात, तेही आधीच टंचाई असलेल्या ग्रिडवरून. म्हणजे शहरातला प्रत्येक इन्व्हर्टर तुटवडा किंचित वाढवत होता, आणि खेड्यात बारा-बारा तास अंधार होता. ज्याला परवडलं त्याचा प्रश्न सुटला, आणि ज्याचा प्रश्न सुटला त्याची ओरड थांबली. मला हे दुसरं जास्त महाग पडलं असं वाटतं.

त्याच काळात, २००६ मधे, पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. कारखान्यांनी गरजेच्या तासांना स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार कमी करायचा, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलांत वाटून घ्यायचा. यंत्र खाजगी, उपयोग सगळ्यांना. त्यातून शहराचं भारनियमन टळलं.

आता तिसरी फेरी. २०१० ते २०२४ मधे लिथियम बॅटऱ्यांच्या किमती साधारण ९० टक्क्यांनी उतरल्या. टेस्लाची पॉवरवॉल २०१५ ची. पण नुसत्या स्वस्ताईने बॅटरी घरात येत नाही. महाराष्ट्रात २०१५ मधे नियम झालेल्या नेट मीटरिंगमधे दुपारची जादा वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची. म्हणजे ग्रिड हीच फुकटातली बॅटरी! कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला, आणि लोक सोलरबरोबर बॅटरी घ्यायला लागले.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना. साधं ऑन-ग्रिड सोलर, वीज गेली की स्वतःही बंद होतं, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून. डोक्यावर ऊन आणि घरात अंधार नको असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतोच.

आणि सोलर नसेल तरी बॅटरीला अर्थ आहे. आता सौर विजेमुळे दुपारी ग्रिडवर वीज भरपूर असते, ओढाताण होते ती संध्याकाळी. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवाल्या घरांना २०२५ पासून दिवसाच्या वापरावर सवलतही मिळते. दुपारी भरलेली आणि संध्याकाळी वापरलेली बॅटरी शेजाऱ्याचा भार हलका करते. संध्याकाळी भरायला लावलेली तीच बॅटरी २००५ चा इन्व्हर्टर होते. फरक फक्त टायमरचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी विक्रेत्याला "किती तास चालेल?" असं विचाराल, तेव्हा "भरायची वेळ ठरवता येते का?" हेही विचारा.