झोपेत दात खाणे : निदानाचा इतिहास आणि विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे

मराठीत अनावर रागाला 'दातओठ खाणे' म्हणतात. मूल झोपेत दात खाऊ लागले की मात्र घरातील वडीलधारी मंडळी जंतांचा तर्क करतात. कारण मनात शोधावे की शरीरात, याबाबत वैद्यकशास्त्राचीही अशीच द्विधा अवस्था राहिली आहे.

१९०७ मध्ये पित्केविच यांनी एका फ्रेंच दंतवैद्यकीय नियतकालिकात या सवयीला 'ब्रुक्सोमॅनी' म्हटले; नावातच उन्माद सूचित होता. १९३१ मध्ये फ्रोमन यांनी 'ब्रुक्सिझम' ही संज्ञा योजली. १९६१ मध्ये अमेरिकेत राम्फ्योर्ड यांनी वरच्या-खालच्या दातांची सदोष जुळणी हे प्रमुख कारण मानले. त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दात न खाणाऱ्यांचा गट नव्हता. तरीही दातांचे उंचवटे घासून जुळणी सुधारण्याच्या उपचाराला त्यामुळे बळ मिळाले. घासून काढलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दरम्यान निद्रा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. शिकागो येथील संशोधकांनी १९६४ मध्ये दात खाण्याचा स्वप्नावस्थेशी असलेला संबंध तपासला. पुढील संशोधनातून, विशेषतः माँट्रियल येथील कार्यातून, वेगळा क्रम पुढे आला : निद्रा क्षणभर उथळ होते, हृदयगती वाढते, मेंदूच्या लहरी जलद होतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू आवळतात. २००१ मध्ये लॉब्बेझू व नाइये यांनी या क्रियेचे नियमन प्रामुख्याने मेंदूकडून होते, असा निष्कर्ष मांडला.

मग मानसिक ताणाचे काय? १९९५ मध्ये पिअर्स व सहकाऱ्यांनी १०० व्यक्तींच्या जबड्याच्या स्नायूंची रात्रीची नोंद घेतली. एकूण गटात ताण व दात खाणे यांचा ठळक संबंध आढळला नाही. ताणाशी अधिक निगडित दिसते ते जागेपणी दात आवळून धरणे; २००९ च्या एका आढाव्याचा रोखही असाच होता.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांत दात खाणे, अपुरी झोप व चिंता एकत्र आढळल्यास हा भेद अनेकदा पुसला जातो. अशी सर्वेक्षणे प्रायः प्रश्नावलीवर आधारलेली असतात आणि निद्रिस्त विद्यार्थी स्वतःचा साक्षीदार नसतो. वसतिगृहात सहनिवासी आवाज ऐकतो. एकट्या राहणाऱ्याला 'नाही' हेच उत्तर सुचते. चिंताग्रस्त विद्यार्थी सकाळची जबड्याची वेदना अधिक बारकाईने टिपतो. नैराश्यावरील काही औषधांमुळेही दात खाणे सुरू होऊ शकते, ही बाब तर अशा प्रश्नावल्यांत क्वचितच विचारात घेतली जाते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने केवळ स्वतःच्या कथनावर आधारलेल्या निदानास 'संभाव्य' एवढीच पायरी दिली; निश्चित निदानासाठी रात्रभराची निद्रानोंद आवश्यक मानली. २०१८ च्या सहमतीने अन्यथा निरोगी व्यक्तीतील दात खाण्यास विकार न मानता वर्तन मानले.