मोफत वृत्तपत्रे, लंडनमधील
विक्रीमूल्य न आकारता केवळ जाहिरातींच्या उत्पन्नावर चालविली जाणारी दैनिके. या प्रकारास आधुनिक रूप स्टॉकहोम येथे १९९५ मध्ये भुयारी रेल्वेच्या प्रवाशांसाठी निघालेल्या मेट्रो या पत्राने दिले. तथापि किंमत व वाचकसंख्या यांचा परस्परसंबंध लंडनमध्ये अधिक स्पष्टपणे दिसून येतो. वृत्तपत्रांवरील मुद्रांककर १८५५ मध्ये रद्द झाला आणि डेली टेलिग्राफ एका पेनीस मिळू लागले. नॉर्थक्लिफने १९१४ मध्ये टाइम्सची किंमत एक पेनी करताच त्याचा खप झपाट्याने वाढला. रूपर्ट मर्डॉक यांनी १९९३ मध्ये तेच पत्र ४५ पेन्सांऐवजी ३० पेन्सांस देऊ केले. या सर्व चढाओढींत पत्र स्वस्त झाले, फुकट झाले नाही. वाचकास अल्प का होईना पण मोल द्यावे लागे.

हा संकेत १९९९ मध्ये मोडला. असोशिएटेड न्यूजपेपर्स या संस्थेने सकाळचे मेट्रो रेल्वेस्थानकांवर विनामूल्य ठेवण्यास प्रारंभ केला. १८२७ मध्ये स्थापन झालेले ईव्हनिंग स्टँडर्ड हे विकत मिळणारे सायंदैनिकही याच संस्थेचे होते. २००६ मध्ये मर्डॉक यांच्या कंपनीने द लंडन पेपर हे मोफत सायंदैनिक काढले, तेव्हा या संस्थेने लंडन लाइट हे दुसरे मोफत पत्र पुढे केले. प्रतिस्पर्ध्यास अडविण्याच्या या खटाटोपात तिने आपल्याच पत्राच्या ग्राहकांना फुकटचा पर्याय हाती दिला, असे म्हणणे भाग आहे. ५० पेन्स देऊन स्टँडर्ड घेणाऱ्यास त्याच स्थानकाच्या दाराशी दोन पत्रे फुकट मिळत.

जानेवारी २००९ मध्ये स्टँडर्डची बहुतांश मालकी अलेक्झांडर लेबेदेव यांच्याकडे नाममात्र किमतीस गेली. त्याच वर्षी दोन्ही मोफत सायंदैनिके बंद पडली आणि १२ ऑक्टोबरपासून स्टँडर्ड स्वतःच मोफत झाले. सुमारे अडीच लाख प्रतींऐवजी सहा लाख प्रती वाटल्या जाऊ लागल्या. ही वाढ डोळ्यांत भरणारी होती. परंतु विक्रीचे उत्पन्न संपल्याने पत्राचा सारा भार जाहिरातदारांवर व संध्याकाळच्या गर्दीवर पडला. करोना साथीनंतर घरूनच काम करण्याची प्रथा रूढ झाली व ही गर्दी ओसरली. भुयारी मार्गात इंटरनेट आल्याने उरलेला प्रवासीही दूरध्वनीच्या पडद्याकडे वळला. सप्टेंबर २०२४ मध्ये दैनिक बंद होऊन द लंडन स्टँडर्ड या नावाने साप्ताहिक निघू लागले, तेही मोफतच.