खुब्याचा सांधा आणि तरुणपणाचा हिशेब

मनुष्यदेहातील सर्व सांध्यांत खुब्याचा सांधा हा खरा भारवाहक होय. मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. म्हणूनच आपण त्याला उखळीचा सांधा म्हणतो. दोन्ही हाडांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासू लागते. मग गोदाघाटाच्या पायऱ्या उतरणे, पंगतीत मांडी घालणे, कांद्याच्या शेतात उकिडवे बसून खुरपणे, यांपैकी एकेक गोष्ट माणसाच्या हातून निसटत जाते.

हे दुखणे म्हातारपणाचे, अशी आपली समजूत असते. पाश्चात्त्य देशांत ती बरीचशी खरी आहे. आपल्याकडे मात्र खुबा झिजलेल्यांत तरुण पुष्कळ आढळतात. कोणाच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो ढासळतो, कोणाला कणा ताठरणारा संधिवात असतो, कोणाची उखळी जन्मतःच उथळ असते. करोनाच्या साथीनंतर, २०२१ साली, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. उपचारात स्टेरॉइड घेतल्यानंतर त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला होता.

अशा तरुणापुढे प्रश्न उभा राहतो तो केवळ वेदनेचा नव्हे, तर वर्षांचा. सत्तरीच्या माणसाला बसवलेला सांधा त्याला जन्मभर पुरेल. पस्तिशीच्या माणसाला तो पुरेल काय? या शस्त्रक्रियेचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे, असे आम्हांस वाटते.

बर्लिनच्या ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली काचेची टोपी वापरली. ती फुटली, तेव्हा १९३८ साली त्यांनी धातूची घेतली. कोणी हाड कापून त्याची दिशा बदलली, म्हणजे भार नव्या जागी पडावा. कोणी हाडाचा माथाच काढून टाकला. या शेवटच्या उपायाने पाय आखूड होतो, चाल लंगडी होते. पण सांधा वाकतो, जमिनीवर बसता येते. क्षयाने वा पूतिरोगाने खुबा नासलेल्या रुग्णांवर केलेल्या याच शस्त्रक्रियेचे अनुभव वाराणसीच्या डॉ. तुली आणि मुखर्जी यांनी १९८१ साली मांडले. उकिडवे बसणाऱ्या देशात या उपायाचे मोल वेगळे होते, हे विसरून चालणार नाही.

आजच्या सांध्याचे जनक इंग्लंडचे जॉन चार्नली. १९५८ पासून त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. पण तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्या कणांनी हाड पोखरले. चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून त्याचा दाह अनुभवला. मग १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी घेतली आणि ती टिकली. यश आल्यावरही ही शस्त्रक्रिया शक्यतो वयस्क रुग्णांवरच करावी, असा त्यांचा कटाक्ष होता. वर्षांच्या कसोटीशिवाय निकाल नाही, हे त्यांना कळले होते.

हाच धडा पुढे विसरला गेला. तरुण, चपळ माणसांना टिकाऊ सांधा हवा, म्हणून धातूवर धातू घासणारे सांधे आले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ हा त्यांतलाच एक. त्याच्या घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात आणि भोवतालच्या मांसात उतरू लागले. २००९ अखेर ऑस्ट्रेलियात तो मागे घेतला गेला, तो तेथील नोंदवहीत पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या डोळ्यांत भरली म्हणून. ऑगस्ट २०१० मध्ये जगभर माघार झाली. तोवर सुमारे ९३ हजार सांधे विकले गेले होते, आणि भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत फिर्याद नोंदवली. केंद्राच्या समितीचा अहवाल मात्र २०१८ साल उजाडल्यावर आला, आणि त्याच वर्षी भरपाईचे सूत्र ठरले: ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. ऑस्ट्रेलियात जे नोंदवहीने सांगितले, ते आपल्याकडे रुग्णांच्या देहांना सांगावे लागले.

मग तरुणाने करावे काय? काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरावी. वजन आटोक्यात ठेवावे. मांडीचे व नितंबाचे स्नायू बळकट करावेत. हाडाचा रक्तपुरवठा बिघडल्याचे लवकर कळले, तर औषधाचाही विचार होतो. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००९ साली अलेंड्रोनेटचे आशादायक अनुभव मांडले. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानच्या तुलनात्मक चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. आशा आणि पुरावा यांतले हे अंतर रुग्णाने डॉक्टरांकडून समजून घेतले पाहिजे.

आणि शस्त्रक्रिया? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे अठ्ठावन्न सांधे पंचवीस वर्षे टिकतात. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात असे दिसले, की सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची आयुष्यभराची शक्यता शेकडा पाचच्या आसपास असते. पन्नाशीच्या आरंभी बदललेल्या पुरुषांत ती शेकडा पस्तीसपर्यंत जाते. हे आकडे भिववण्यासाठी नाहीत. झोप, नोकरी आणि संसार वेदनेत बुडत असतील, तर केवळ वय लहान म्हणून वर्षानुवर्षे कुढत बसणे हाही तोटाच. कारण तरुणपणाची वर्षे परत मिळत नाहीत. मात्र नव्या वस्तूची जाहिरात ऐकून घाई करणे हा दुसरा तोटा.

या दोहोंच्या मधला मार्ग प्रश्न विचारण्याचा आहे. हा सांधा किती वर्षे वापरात आहे? कोठल्या नोंदवहीत त्याचा हिशेब लिहिला आहे? पुढे तो बदलावा लागला, तर हाड पुरेसे उरेल काय? आपल्या देहात बसवलेल्या सांध्याचे नाव व क्रमांक असलेला कागद जन्मभर जपून ठेवावा. सातबाऱ्याचा उतारा आपण जपतोच. हा उतारा तर आपल्या स्वतःच्या देहाचा आहे.