‘व्हाईट टायगर्स’ : नौदलाची पहिली लढाऊ स्क्वाड्रन आणि १९७१ मधील मद्रासची हुलकावणी

चेन्नई : भारतीय नौदलाच्या हवाई शाखेतील ‘आयएनएएस-३००’ अर्थात ‘व्हाईट टायगर्स’ ही देशातील पहिली नौदल लढाऊ स्क्वाड्रन होय. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ हा तिचा तळ असला, तरी १९७१ च्या युद्धातील तिची कामगिरी चेन्नईच्या, म्हणजे तत्कालीन मद्रासच्या, उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. ज्या ‘विक्रांत’वरून तिची विमाने झेपावली, ती नौका शत्रूच्या पाणबुडीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी मद्रास बंदराचा हुलकावणी म्हणून उपयोग करण्यात आला होता.

स्थापना

जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी येथील नौदल हवाई तळावर ‘सी हॉक’ विमानांसह या स्क्वाड्रनची स्थापना झाली. एक आसनी, एक इंजिनाच्या या जेट विमानावर २० मिलिमीटरच्या चार तोफा असून ते बॉम्ब व रॉकेटही वाहून नेत असे. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘आयएनएस विक्रांत’ नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान उतरविले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

सप्टेंबर १९६१ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यातील कोइम्बतूरजवळच्या सुलूर येथे ‘आयएनएस हंसा’ हा तळ कार्यान्वित झाला. गोवा मुक्तीनंतर, १९६४ मध्ये, तो दाभोळी येथे हलविण्यात आला. १९६५ च्या युद्धाच्या वेळी ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी मुंबईत असल्याने तिच्यावरून लढण्याची संधी स्क्वाड्रनला मिळाली नाही.

मद्रासची हुलकावणी

१९७१ मध्ये युद्धाची चिन्हे दिसू लागताच ‘विक्रांत’ मुंबईहून पूर्व किनाऱ्यावर आणण्यात आली. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. त्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला. विमानोड्डाणासाठी डेकवर समोरून पुरेसा वारा लागतो आणि त्यासाठी नौकेचा वेग महत्त्वाचा असतो. साहजिकच तिच्या वापराविषयी शंका व्यक्त होत होत्या.

त्याच सुमारास, १४ नोव्हेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात कराचीहून निघाली. तत्पूर्वीच ‘विक्रांत’ अंदमानकडे रवाना झाली होती. ती अद्याप भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच असल्याचा आभास निर्माण करण्याची योजना पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी आखली. ‘विक्रांत’ लवकरच मद्रासला येत असून तिच्यासाठी धक्का व रसद सज्ज ठेवावी, असे त्यांनी तेथील नौदल अधिकाऱ्यास दूरध्वनीवरून कळविले. जुनी विनाशिका ‘आयएनएस राजपूत’ विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात ‘विक्रांत’ असल्याचे भासवून बिनतारी संदेश पाठवीत राहिली.

‘गाझी’ने प्रथम मद्रासच्या परिसरात व नंतर विशाखापट्टणमकडे शोध घेतला. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती विशाखापट्टणमनजीक बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या पाणसुरुंगविरोधी नव्हे, तर पाणबुडीविरोधी स्फोटकांनी ती बुडाल्याची भारताची भूमिका आहे, पाकिस्तान मात्र अपघाती स्फोटाचे कारण पुढे करतो.

कॉक्स बाजार ते चितगाव

४ डिसेंबर रोजी सकाळी आठ ‘सी हॉक’ विमानांनी ‘विक्रांत’वरून उड्डाण करून पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजार विमानतळावर हल्ला चढविला. त्यानंतर चितगाव, खुलना व मोंगला येथील बंदरे, जहाजे आणि लष्करी ठिकाणे लक्ष्य करण्यात आली. या कारवाईमुळे पाकिस्तानी सैन्याचा समुद्रमार्गे माघारीचा व कुमकीचा मार्ग रोखला गेला. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि ‘विक्रांत’चे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले. ज्या नौकेच्या क्षमतेविषयी साशंकता होती, तिच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना एकूण दोन महावीर चक्रे व बारा वीरचक्रे मिळाली.

नवी विमाने

डिसेंबर १९८३ मध्ये ‘सी हॅरियर’ विमाने गोव्यात दाखल झाली आणि ‘सी हॉक’चे पर्व संपले. अत्यंत आखूड धावपट्टीवरून उडणारी व सरळ खाली उतरणारी ही विमाने ‘विक्रांत’ व पुढे ‘विराट’वरून कार्यरत राहिली. ११ मे २०१६ रोजी त्यांना निरोप देण्यात आला व स्क्वाड्रनकडे ‘मिग-२९के’ विमाने आली.

पहिली ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली आणि कालांतराने भंगारात निघाली. तिचेच नाव धारण करणारी स्वदेशी विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली. गोव्यातील बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात ‘सी हॉक’ विमान आजही पाहावयास मिळते.