सभागृहातील शांतता

'पार्लमेंट' हा शब्द 'बोलणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला आहे. संसदेचा सारा व्यवहार बोलण्याचा आणि ऐकण्याचा. मग ज्याला ऐकूच येत नाही, त्या सभासदाने काय करावे? हा प्रश्न इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहापुढे १९६७ च्या अखेरीस उभा राहिला.

जॅक अ‍ॅशली हे मजूर पक्षाचे सभासद. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते कामाला लागले. पुढे केंब्रिजला शिकले, तेथील प्रसिद्ध वादसभेचे अध्यक्ष झाले आणि १९६६ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटमधून निवडून आले. वाणी हेच त्यांचे भांडवल. कानाच्या एका लहानशा दोषावर त्यांनी शस्त्रक्रिया करविली आणि त्यांची श्रवणशक्ती पार गेली. त्यांनी राजीनामा देण्याचे मनात आणले. परंतु मतदारांनी व सहकाऱ्यांनी त्यांना थांबविले. ते ओठांवरून बोलणे ओळखावयास शिकले. पण वक्ता पाठीमागच्या बाकावरून बोलू लागला, तर ओठ दिसावेत कसे? स्वतःचा आवाज चढला की उतरला, हेही त्यांना कळत नसे.

पुढे, १९७० नंतरच्या दशकात, सभागृहातच त्यांच्यासाठी सोय झाली. लेखनिक भाषण ध्वनिलेखन-यंत्रावर टिपी आणि संगणक ते अक्षररूपाने पडद्यावर उमटवी. १९९२ पर्यंत अ‍ॅशली कॉमन्समध्ये होते. थॅलिडोमाइड या औषधामुळे जन्मतः व्यंग आलेल्या मुलांची बाजू तेथे त्यांनीच हिरिरीने मांडली. ते घरी बसले असते, तर संसद एका सभासदालाच नव्हे, या मुलांच्या कैवाऱ्यालाही मुकली असती.

तरीही प्रश्न मिटला नव्हता. २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोजो मॅथर्स या कर्णबधिर बाई निवडून आल्या. चालू भाषण लिहून दाखविणाऱ्या लेखनिकांचा खर्च त्यांनी आपल्या कार्यालयीन भत्त्यातून करावा, असे प्रथम सांगण्यात आले. मोठा वाद झाला आणि २०१२ मध्ये तो खर्च संसदेने उचलला.

कोणताही खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावा, हे शोधण्यात माझी नोकरी गेली. म्हणून हा तंटा मला परका वाटत नाही. परंतु श्रोतेहो, सभागृहातील ध्वनिक्षेपक ऐकू येणाऱ्यांसाठीच असतात ना? त्यांचा खर्च कोणी सभासदांच्या भत्त्यातून कापत नाही. मग अक्षरे दाखविणारा पडदा तेवढा उपकार कसा?

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने श्रवणाच्या व वाचेच्या अक्षमतेची नोंद घेतली आहे. ज्याला बोलता वा ऐकता येत नाही, त्यालाही मत असते. ते मत मतपेटीपर्यंत येऊन थांबू नये, सभागृहातही पोचावे.